चौकट डब्ल्यूपीसीची, फरशी बांबूची, दर्शनी दार सागाचंच : बडोद्यातल्या घराचा वापरानंतरचा अनुभव

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्याच्या अकोटा भागात शिरलं आणि आमच्या तळमजल्यावरच्या प्लायची वाट लागली. कपाटांचे तळ फुगले, थर सुटले. न्हाणीघराच्या चौकटी आधीच वाळवीनं पोखरलेल्या होत्या, त्या खालून भुसभुशीत झाल्या. नव्यानं काम काढलं तेव्हा लाकडाऐवजी काय, यावर घरात बराच खल झाला. शेवटी न्हाणीघरांना आणि स्वयंपाकघराला डब्ल्यूपीसी (वुड प्लास्टिक कॉम्पोझिट, म्हणजे लाकडाचा भुसा मिसळलेलं प्लास्टिक), वरच्या खोलीला बांबूची फरशी, गच्चीवर बांबूचा मांडव आणि एका कपाटाला उसाच्या चिपाडाचा बोर्ड असं ठरलं. त्यावर एक कडक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा गेला आहे.

डब्ल्यूपीसीबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून तेच आधी. चौकटी आणि बोर्डांसाठी जो माल मिळतो तो मुख्यतः पीव्हीसी असतो. त्यात लाकडाचा भुसा आणि कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेलं असतं. पाण्यानं फुगत नाही आणि वाळवी लागत नाही, या दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. न्हाणीघराच्या चौकटीचा खालचा भाग रोज ओला होतो, तरी आजही कोपरा तसाच धारदार आहे, रंग उडालेला नाही. पावसाळ्यात दार अडकणं हा प्रकारच संपला. जुन्या दाराला दर जुलैत रंधा मारावा लागायचा.

पण स्क्रूची पकड सागाइतकी नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. आमचे मिस्त्री गुजराती. त्यांचा एकच हट्ट होता: "पहेलां ड्रिल, पछी स्क्रू." म्हणजे आधी भोक, मग स्क्रू. त्यांनी लांब स्क्रू वापरले आणि तीनऐवजी चार बिजागऱ्या लावल्या. त्यामुळे आमची दारं अजून सरळ आहेत. शेजारच्या बंगल्यात घाईघाईत थेट स्क्रू ठोकले, तिथं वरची बिजागरी सुटून दार जमिनीला घासू लागलं आहे. माल घेताना तुकडा हातात घेऊन वजन बघा. हलका, जास्त फेसाळ बोर्ड स्वस्त पडतो, पण बिजागरी त्यात टिकत नाही.

दुसरी अडचण उन्हाळ्यात कळली. स्वयंपाकघरातली एक फळी तीन फूट लांब, मध्ये आधार नाही, वर डाळ-तांदळाचे डबे. मेच्या शेवटी पट्टी लावून पाहिली तर मधोमध स्पष्ट झोल. प्लास्टिकवर सतत भार राहिला की ते हळूहळू वाकतं आणि उष्णतेत लवकर वाकतं. पीव्हीसी साधारण 80 अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि बडोद्याच्या उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग हवेपेक्षा खूपच जास्त तापतो. म्हणून फळीला दोन फुटांवर आधार हवाच. पश्चिमेच्या उन्हात येणाऱ्या दाराला फिकट रंग द्या आणि चौकटीत प्रसरणाला फट सोडा.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. डब्ल्यूपीसी कापताना जो पांढरा भुसा उडतो तो मिस्त्रींच्या हाताला, केसांना, भिंतीला चिकटून बसतो. झाडला तरी पुन्हा चिकटतो. लाकडाचा भुसा मातीत कुजून जातो, हा कुजत नाही. आणि साइटवर थंडीत तुकडे जाळायची सवय असते. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो, त्या धुरात डायॉक्सिनही तयार होतात. आम्ही सगळा भुसा आणि तुकडे गोणीत भरून बाजूला ठेवले आणि एकही तुकडा जाळू दिला नाही. तुम्हीही कृपा करून देऊ नका, तो धूर पहिल्यांदा जातो तो काम करणाऱ्याच्याच छातीत. त्यामुळे माझ्या मते डब्ल्यूपीसी जिथं रोज पाणी लागतं तिथंच वापरावं. अख्खं घर त्यानं भरणं म्हणजे घरात प्लास्टिक भरणं.

न्हाणीघराला दगडी चौकटही चांगली. आमच्याकडे गुजरातेत ती बऱ्याच घरांत दिसते.

बांबूवर मात्र माझा जीव जडला आहे. बांबू हे गवत. एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतं, तीन-चार वर्षांत बांधकामाला पक्कं होतं, आणि बेट न उपटता त्यातलेच जून बांबू काढता येतात. 2017 साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. शेतकऱ्याला तो तोडणं, विकणं त्यामुळे सोपं झालं. दिल्लीतल्या नव्या संसद भवनाच्या फरशीलाही त्रिपुराचा बांबू लागला आहे.

आमची फरशी बांबूचे तंतू राळेत दाबून केलेल्या पट्ट्यांची आहे. ती फार टणक आहे. लोखंडी पलंग सरकवला तरी ओरखडा उठला नाही. ती श्वास घेते, हे तेवढं मान्य करावं लागतं. मेमध्ये हवा कोरडी झाली तेव्हा दोन पट्ट्यांमध्ये रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी फट पडली आणि जुलैत ती आपोआप मिटली. भिंतीकडेनं सोडलेली जागा स्कर्टिंगखाली झाकलेली आहे. ती सोडली नसती तर पावसाळ्यात फरशी मधून उचलली असती. पोछा पिळून मारायचा, पाणी ओतायचं नाही.

गच्चीवरच्या मांडवाला डांगकडचा मानवेल जातीचा बांबू वापरला, बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला. ही प्रक्रिया नसेल तर बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगा येतो आणि खाली पिवळसर बारीक पूड पडू लागते. घेताना बांबू आपटून पूड पडते का ते बघा. पण या द्रावणातलं बोरॉन पावसात धुऊन जातं, त्यामुळे उघड्यावरच्या बांबूला वर पत्रा आणि खाली मातीपासून सुटा पाया हवा. आमच्या मांडवात पत्र्याखालचा बांबू नव्यासारखा आहे. पावसाचा मारा बसणारा कडेचा एक खांब काळवंडला आहे आणि त्याला दोन पेरांमध्ये उभी चीर गेली आहे. तो एक बदलावा लागेल. मात्र बाकी मांडवाला हात लावावा लागणार नाही, हा बांबूचा मोठा गुण.

चिपाडाच्या बोर्डाचं कपाट ठीक. पाण्यापासून दूर, वरच्या मजल्यावर आहे म्हणून ठीक. कडा उघड्या राहिल्या तर दमट हवेत फुगतो, म्हणून सगळ्या कडा पट्टीनं बंद करून घ्या. सुरुवातीला डोळे चुरचुरवणारा वास होता, तो बोर्डाच्या गोंदातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूचा. उष्मा आणि दमटपणा वाढला की तो जास्त सुटतो. खिडक्या आणि कपाटाची दारं उघडी ठेवून काही आठवड्यांत गेला. घरात तान्हं मूल असेल तर कमी उत्सर्जनाच्या ई-वन दर्जाचाच बोर्ड मागा.

लाकूड वापरूच नये, असं मला मुळीच वाटत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं 1993 साली आपल्या इमारतींत लाकडावर बंदी घातली होती, ती 2020 मध्ये उठवली. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो, आणि दार टिकतं तोवर तो कार्बन दारातच राहतो. आमचं दर्शनी दार वलसाडी सागाचं, आजोबांच्या वेळचं. पुरात ते पण भिजलं. खालचा कुजलेला आडवा पट्टा कापून, पाडलेल्या जुन्या घरातून आलेल्या सागाचा तुकडा सालून बसवला आणि तेलपाणी केलं. जोड हाताला लागत नाही. नव्या फर्निचरआधी जुन्या इमारती लाकडाच्या वखारीत एक चक्कर मारा. वरच्या खोलीचा माळा आम्ही आता तिथूनच आणलेल्या सागाच्या फळ्यांचा करतो आहोत.