दुसरं इंजिन बसवायचं की आहे तेच बांधायचं?

मारुती ८०० निळा धूर सोडतेय, ऑइल पितेय, आणि काम घरीच करायचंय. मग भंगारबाजारातून इंजिन आणावं की आहे तेच उघडून, झिजलेले भाग बदलून बांधावं?

मेहनत: इंजिन दोन्हीत उतरवावंच लागतं. चेन पुली पंख्याच्या हुकाला कृपा करून अडकवू नका, क्रेन भाड्याने आणा. बांधणीत त्याशिवाय सिलिंडर घासून देणाऱ्या बोअरिंगवाल्याकडच्या फेऱ्या, पिस्टनच्या रिंगची गॅप फीलर गेजने (पातळ पट्ट्यांचं मापक) मोजणं, हेडचे (सिलिंडरांवरचं झाकण) बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) क्रमाने आवळणं आलं.

खर्च: आणलेल्या इंजिनाचा आकडा आधीच कळतो. बांधणीचा कळत नाही. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) घासलेला निघाला की बिल फुगतं.

भरवसा: खरी मेख इथेच. भंगारातल्या इंजिनाचे पैसे देण्याआधी त्याच्या ऑइलचं झाकण उघडा. आत दुधाळ, चिकट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरल्याचा संशय घ्या. सगळे स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) मोजा. सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ते इंजिन सोडा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, त्यामुळे तापून हेड वाकलेलं इंजिन गळ्यात पडू शकतं. कुठलंही बसवा, थर्मोस्टॅट (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह) नवा टाका आणि रेडिएटर साफ करून घ्या. क्रँकचं मागचं ऑइल सीलही तेव्हाच बदला, नाहीतर त्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल.

कागद: दुसरं इंजिन आणलं तर त्याचे कागद मागा आणि नंबर आरसीवर चढवून घ्या.

गाडी लगेच रस्त्यावर हवी असेल किंवा ब्लॉकलाच तडा असेल तर दुसरं इंजिन. गाडी वर्षानुवर्षं ठेवायची असेल आणि हाताशी वेळ असेल तर बांधणीच.