इंग्रजी विलापिकांचं (शोककवितांचं) संकलन: पुस्तकाची पाठ तुटली, मग वाचायला सोपं झालं

साडेआठशेचं पुस्तक, सवलतीत साडेपाचशेला घेतलं. आत कोणत्या कविता आहेत ते यादीत दिसतंच. मिल्टन, ग्रे, शेली, टेनिसन, आर्नल्ड, आणि परिशिष्टात त्यांचे ग्रीक-लॅटिन पूर्वज. माझं भांडण टिपांशी आहे. सगळ्या टिपा पुस्तकाच्या शेवटी!

ग्रेला हे चालून जातं. 1751 ची ती दफनभूमीची कविता टिपांवाचूनही समजते. पण मिल्टनच्या 'लिसिडास'चं काय करायचं? केंब्रिजमध्ये मिल्टनबरोबर शिकलेला एडवर्ड किंग 1637 मध्ये आयरिश समुद्रात बुडाला. ही कविता त्याच्यावरचा विलाप. जुन्या गोपकाव्यांच्या रीतीने तीत तो मेंढपाळ, मिल्टनही मेंढपाळ. मध्येच अरेथुसा येते, म्हणजे ग्रीक कवी थिओक्रिटसच्या सिराक्यूजचा झरा. लगेच मिन्शियस, म्हणजे रोमन कवी व्हर्जिलच्या मांटुआची नदी. दर चार ओळींना एक बोट कवितेत, दुसरं पार शेवटी. गोंदाची बांधणी हे किती सोसणार? काही महिन्यांत पाठ नेमकी 'लिसिडास'पाशी तडकली. विक्रेत्याचं उत्तर: परतीची मुदत संपली, शिवाय ही 'वापरामुळे झालेली झीज'. पुस्तक वापरायचं नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवायचं?

त्या तिरमिरीत एक तारा देणार होतो. अठराव्या शतकातला टीकाकार सॅम्युअल जॉन्सनही माझ्या बाजूने होताच. एवढ्या कल्पना रचायला ज्याला फुरसत आहे त्याला दुःख ते कितीसं, असा त्याचा 'लिसिडास'वर आक्षेप.

मग गल्लीतल्या बाइंडरकडे गेलो. त्याला टिपा आणि परिशिष्ट वेगळं काढून दोन भाग शिवायला सांगितले. दोनशे रुपये गेले, पण आता दोन्ही शेजारी उघडे ठेवता येतात आणि पुस्तक वेगळंच वाटतं. थिओक्रिटसच्या पहिल्या काव्यात थिर्सिस हा मेंढपाळ विचारतो, गुराखी डॅफ्निस झुरत होता तेव्हा अप्सरांनो, तुम्ही कुठे होता? व्हर्जिल दहाव्या गोपकाव्यात कवीमित्र गॅलससाठी तेच विचारतो. मिल्टनही विचारतो, पण लगेच स्वतःला अडवतो: मी वेड्यासारखा बोलतोय, तुम्ही असता तरी काय झालं असतं? पुराणातल्या गायक ऑर्फियसला त्याची आई, खुद्द काव्यदेवताही वाचवू शकली नाही. सुमारे एकोणीसशे वर्षांचा ठरीव प्रश्न, आणि हा माणूस तो विचारता विचारता मोडून पडतो. ते मूळ काव्य शेजारी नसेल तर ही मोडतोड दिसतच नाही. जॉन्सन आता मला अर्धाच पटतो. कवी कीट्स गेल्यावर त्याच्यासाठी 1821 मध्ये लिहिलेल्या 'अ‍ॅडोनेस'मध्ये शेली पुन्हा तोच प्रश्न काव्यदेवता उरेनियाला करतो.

ग्रीक कवी मॉस्कसच्या नावावर असलेला, बायन या कवीच्या मृत्यूवरचा विलाप तर चुकवूच नका. बागेतला शेपू, अजमोद सुकून पुढच्या वर्षी पुन्हा उगवतात. आपण मोठी, शहाणी माणसं एकदा मेलो की जागे होत नाही. शेपूवर रडू येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

प्रस्तावनेवर मात्र राग कायम. पानंच्या पानं ग्रीकांच्या दोन-ओळी शोकवृत्तावर, ज्यात ते युद्धगीतं आणि प्रेमकविताही लिहीत. ठीक आहे, पण परिशिष्टातले थिओक्रिटस, बायन, मॉस्कस, व्हर्जिल सगळे हेक्झामीटरमध्ये, म्हणजे सहा गणांच्या ओळींच्या वेगळ्याच वृत्तात आहेत! त्या दोन-ओळी शोकवृत्तातला खरा विलाप म्हणजे रोमन कवी ओव्हिडने कवी टिब्युलससाठी लिहिलेला. तोच गाळलाय. कालिदासाने रतिविलाप आणि अजविलाप दोन्ही वियोगिनी वृत्तात लिहिले, हे शाळेत घोकलेल्या माणसाला असला घोळ खटकणारच.

आणि विसाव्या शतकातला कवी ऑडेन नाही. 1939 मध्ये कवी येट्स गेल्यावर त्याने लिहिलेल्या कवितेत झरे गोठलेले, विमानतळ ओस, आणि निसर्गाचा शोक मोजायला थर्मामीटर. मेंढपाळांची ही सगळी परंपरा जिथे येऊन पोचते ती कविताच नाही. कॉपीराइटचे पैसे वाचवले असतील तर ते किंमतीत दिसायला हवे होते. तीन तारे. साडेपाचशेच्या वर देऊ नका, आणि बाइंडरचे दोनशे आधीच बाजूला काढा.