थिअरी की लॅब? तुम्हाला कुठलं अडकणं सोसतं ते बघा

एम.एस्सी. फिजिक्सला गेलेली मुलं भेटली की ठरलेला प्रश्न येतो: "थिअरी घेऊ की एक्सपेरिमेंटल?" त्याच्या पोटात एक समजूत दडलेली असते, की हुशार मुलं थिअरीला जातात आणि उरलेली लॅबमध्ये. ती आधी डोक्यातून काढा. गणित दोन्हीकडे लागतं, आणि आजकाल कोडिंगही दोन्हीकडे लागतं. या धंद्यात बरेचसे दिवस अडकण्यातच जातात. फरक आहे तो अडकण्याच्या तऱ्हेत.

थिअरीवाला अडकतो तो स्वतःच्याच कागदात. दहा पानं गणित झालंय, उत्तर वेडंवाकडं येतंय, कुठेतरी एक उणे चिन्ह निसटलंय. कधी चिन्हं सगळी बरोबर असतात आणि मुळातली कल्पनाच फसलेली असते. ते कळेपर्यंत सहा महिने गेलेले असतात. लिनियर अल्जिब्रा, ग्रुप थिअरी वगैरे मेहनतीने येतं. एकट्याने बसायची बैठक मात्र ज्याची त्यानेच घालायची असते. शिवाय थोडा हट्ट हवा. १९३० साली १९ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी इंग्लंडला जाताना बोटीवर श्वेत बटू ताऱ्यांच्या, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्यांच्या, वस्तुमानाच्या मर्यादेचं गणित मांडलं, ही गोष्ट सगळे सांगतात. पुढचं कमी सांगितलं जातं. १९३५ मध्ये लंडनला एडिंग्टन यांच्यासारख्या बड्या शास्त्रज्ञाने भर सभेत त्या निष्कर्षाची खिल्ली उडवली. नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये.

लॅबवाल्याचं अडकणं वेगळं. व्हॅक्यूम चेंबरचं, म्हणजे आतली हवा उपसून काढलेल्या डब्याचं, प्रेशर एका आकड्यावर अडून बसलंय, काही केल्या खाली जात नाही. मग एकेका जोडावर हेलियम सोडायचा आणि लीक डिटेक्टरचा काटा हलतो का ते बघायचं. दोन दिवस शोधून लीक सापडत नाही. तिसऱ्या दिवशी कळतं की कुणीतरी ग्लोव्हज न घालता आतल्या भागाला हात लावला होता, आणि बोटांचा तेलकटपणाच आत वायू सोडत बसला होता. अशा वेळी हसू येणारा माणूस इथे टिकतो. सोल्डरिंग, इलेक्ट्रॉनिक्स, स्टॅटिस्टिक्स यायला हवंच. लॉगबुक रोजच्या रोज लिहायची सवय हवी, कारण मंगळवारी कुठला नॉब फिरवला होता ते शुक्रवारी आठवत नाही. वर्कशॉपमधल्या फिटरशी आणि खरेदी विभागाशी गोडीने बोलता येणं, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नसलेलं कौशल्य. माझ्या मते त्याला निम्मे मार्क द्यावेत.

मोठ्या प्रमाणावर हे बघायचं तर नारायणगावजवळ खोडदला जाऊन या. तिथल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांवर स्टीलची बारीक जाळी बसवली. वारा आरपार जातो, वजन घटतं, खर्चही. ही फिजिक्स की इंजिनिअरिंग, असा वाद घालणाऱ्याने लॅबच्या वाटेला न गेलेलं बरं.

थिअरी घेतली म्हणजे उपकरणांपासून सुटका, असंही समजू नका. १९२३ मध्ये म्युनिकला पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत परीक्षक वीन यांनी पुढे थिअरीत गाजलेल्या हायझेनबर्गला सूक्ष्मदर्शकाच्या भेदनक्षमतेबद्दल (दोन जवळचे बिंदू वेगळे दाखवण्याची ताकद) विचारलं. त्याला सांगता आलं नाही. बॅटरी कशी चालते तेही नाही. कसाबसा पास झाला. चार वर्षांनी अनिश्चिततेचं तत्त्व (कणाची जागा आणि संवेग एकाच वेळी अचूक कळत नाहीत) मांडताना त्याने उदाहरण घेतलं ते सूक्ष्मदर्शकाचंच, आणि नेमकी तिथेच भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी त्याची चूक काढली.

नोकरीचं म्हणाल तर लॅबमध्ये शिकलेला हात उपकरणं बनवणाऱ्या आणि सेमीकंडक्टर कंपन्यांत चालतो; थिअरीवाला कोडिंगच्या जोरावर डेटाकडे वळू शकतो.

तरी ठरत नसेल तर बी.एस्सी.चं एखादं प्रॅक्टिकल आठवा. लंबकावरून g (गुरुत्वीय त्वरण) काढला आणि ९.८ च्या जागी आला ८.९. तेव्हा तुम्ही काय केलंत? दोरीची लांबी पुन्हा मोजलीत, की सूत्र कुठल्या गृहीतकावर उभं आहे ते तपासलंत? पहिल्याला लॅब, दुसऱ्याला थिअरी. शेजारच्याच्या जर्नलमधून ९.८ उतरवला असेल, तर अजून वर्षभर कुठलाच फॉर्म भरू नका.