शॉर्टब्रेडमध्ये संत्रं की लिंबू?

नाताळात शेजारून नेवऱ्या-कुलकुलांचं ताट येतं. ते रिकामं कसं परत करायचं? म्हणून मी शॉर्टब्रेड, म्हणजे लोण्याची खुसखुशीत बिस्किटं, करते. साखर, लोणी, मैदा १:२:३, वजनाने.

संत्र्याची साल किसताना घरभर घमघमाट, पण भाजल्यावर तो बराच मवाळ होतो. शिवाय सैल साल किसणीवर सरकते, बोटं सांभाळा! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं कागदी लिंबू मात्र भट्टीतूनही टवटवीत राहतं, लोणी जड वाटत नाही. फक्त वरचा रंगीत थर किसायचा; खालचा पांढरा कडू. कीस आधी साखरेत चोळला की तेल सुटतं. रस दोन्हींचा नको, मैदा चिवट होतो. आपल्या दमट हवेत पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये हवंच, मग १६० अंशांवर कडा सोनेरी होईतो.

मुलं संत्र्याचं संपवतात. ताटात लिंबाचंच जातं.