एसएस ३९६ म्हणून घेतली, निघाली साधी मालिबू : जुनी अमेरिकन गाडी घेणाऱ्यांनी वाचा

डेट्रॉइटच्या आसपासचे आपले बरेच लोक हल्ली जुन्या अमेरिकन गाड्यांच्या नादाला लागलेत. ऑगस्टमधला वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची रस्त्यावरची मिरवणूक, एकदा बघितला की माणूस कामातून जातोच, मीही गेलो. ज्याने फसवलं त्याचं नाव लिहीत नाही, वकिलाने सांगितलंय. दक्षिणेकडच्या एका राज्यातला डीलर आहे, भली मोठी शोरूम, प्रत्येक गाडीचे शंभर-दीडशे फोटो, आणि धंदा सगळा कन्साइनमेंटवर, म्हणजे गाडी कुणा तिसऱ्याची आणि हे फक्त मध्ये कमिशन खाणार. हा कन्साइनमेंटचा भाग लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घात केला.

गाडी १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६. मालिबू हे शेव्हेलचंच रोजच्या वापराचं मॉडेल, एसएस ही तिची दमदार आवृत्ती, आणि ३९६ म्हणजे इंजिनचा आकार, क्युबिक इंचात. लाल, हुडवर काळे पट्टे, चार गिअरची मॅन्युअल. जाहिरातीत लिहिलेलं, फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन (बॉडी सांगाड्यावरून उतरवून सगळी गाडी नव्यासारखी केलेली), नंबर्स मॅचिंग, ओरिजिनल बिल्ड शीटसकट (गाडीत काय काय बसवायचं त्याची कारखान्यातली यादी). नंबर्स मॅचिंग म्हणजे कारखान्यात जे इंजिन बसवलं तेच अजून गाडीत आहे, इंजिनच्या पुढच्या बाजूला एक सपाट पट्टी असते, पॅड म्हणतात, तिच्यावर गाडीच्या व्हीआयएनचे, म्हणजे चासी नंबरचे, शेवटचे आकडे ठोकलेले असतात, ते जुळले की किंमत कुठल्या कुठे जाते. ही होती ६१ हजार डॉलरला. तीच गाडी क्लोन म्हणून, म्हणजे साध्या गाडीची बनवलेली एसएस म्हणून, विकली असती तर एवढे पैसे कुणी दिले नसते, मीही नाही.

आता शेव्हेलमध्येच एवढी फसवाफसवी का चालते ते बघा, कारण हे कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. १९६६ ते ६८ च्या एसएस ३९६ चा व्हीआयएनच १३८ ने सुरू व्हायचा, बघितलं की कळलं. १९६९ पासून कंपनीने एसएसला नुसतं ऑप्शन पॅकेज करून टाकलं, १९७० ला त्याचा कोड झेड २५, आणि ४५४ इंजिनवाल्याचा झेड १५, आणि व्हीआयएनमध्ये त्याचा मागमूस नाही. १३६३७० म्हणजे शेव्हरोले, मालिबू व्ही-८, दोन दाराची, १९७० ची, बास. बायकोला किराणा आणायला घेतलेली ३०७ वाली मालिबू आणि ४५० हॉर्सपॉवरचं एलएस ६ इंजिन असलेली एसएस, दोघींचा व्हीआयएन सारखाच सुरू होतो. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, काउल टॅग नावाची कारखान्याची पट्टी असते, तिच्यावरसुद्धा एसएस लिहिलेलं नसतं. पॉन्टियाकचं बरं आहे, पीएचएस (पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) नावाच्या संस्थेकडे कंपनीच्या नोंदी आहेत, पैसे भरा आणि कागद मागवा, फोर्डची १९६७ पासूनची गाडी असेल तर कंपनीच्या नोंदींवरून काढलेला मार्टी रिपोर्ट मिळतो. शेव्हरोलेचं अमेरिकेत असलं काही नाही, फक्त जी गाडी तेव्हा कॅनडात विकली गेली तिचे कागद जीएम कॅनडा देते. बाकी सगळी भिस्त बिल्ड शीटवर, जे असेंब्ली लाइनवरच्या कामगारांनी कुठे सीटच्या स्प्रिंगमध्ये, कुठे पेट्रोलच्या टाकीवर तसंच सोडून दिलं म्हणून पन्नास वर्षांनी सापडतं, आणि जे आज कुणीही चांगल्या प्रिंटरवर छापून चहाच्या पाण्यात बुडवू शकतो.

मी आंधळेपणाने पैसे टाकले नव्हते हो, उलट सगळं विचारलं. पॅडचे फोटो मागितले, मिळाले, आकडे जुळत होते. बिल्ड शीट बघितलं, झेड २५ च्या चौकोनात खूण होती. तपासणी करायची म्हटलं तर सेल्समन म्हणाला, "जरूर करा सर, आमच्या भागात एकच जाणकार माणूस आहे, नंबर देतो." त्या जाणकाराने बारीक अक्षरात भलामोठा रिपोर्ट दिला, टायरवरची तारीखसुद्धा लिहिली होती. सोबत एक अप्रेझल सर्टिफिकेट, सोनेरी शिक्क्याचं, गाडी याहून महागाची आहे असं सांगणारं. आणि अर्थातच दुसरा एक गिऱ्हाईक ॲरिझोनातून विमानाने निघाला होता, तो कधी पोहोचला देव जाणे. पैसे वायरने, म्हणजे थेट बँकेतून बँकेत, मागितले. क्रेडिट कार्डवर नुसतं डिपॉझिटपण घेत नाहीत, आणि ते का घेत नाहीत हे आता कळतंय, कार्डवर तक्रार करून पैसे परत मागता येतात, वायर एकदा गेली की गेली.

गाडी घरी आली तेव्हा दिसायला कडक होती. शेजारी एक म्हातारेबुवा राहतात, आयुष्य जीएमच्या प्लांटमध्ये मशीनवर काढलेले. ते बघायला आले, हुड उघडलं, पॅडवर टॉर्च मारला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "गाडी वर घे, मला ब्लॉकची तारीख बघायचीय."

इथे दोन तारखा समजून घ्या. पॅडवर इंजिन जोडल्याची तारीख ठोकलेली असते, माझ्या गाडीवर टी ०१३१, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा प्लांटमध्ये ३१ जानेवारीला जोडलं. काउल टॅगवर ०२बी, म्हणजे गाडी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बनली. इथपर्यंत छान जुळतं. पण ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य ओतीव भाग, ओततानाच त्याच्या अंगावर आणखी एक तारीख उठते, ती साच्यातूनच येते त्यामुळे ठोकून बदलता येत नाही, आणि ती खाली स्टार्टरच्या जवळ असल्याने गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसत नाही. महिन्याला अक्षर, जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, असं. तिथे होतं एफ ११ ०. म्हणजे ११ जून १९७०. जूनमध्ये ओतलेलं इंजिन जानेवारीत जोडून फेब्रुवारीत गाडीत बसवलं! म्हातारेबुवा हसले, मला काही हसू आलं नाही.

मग त्यांनी पॅडकडे परत नेलं. कारखान्यात ही पट्टी ब्रोच नावाच्या मशीनने कापली जायची, तिच्यावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा राहतात. माझ्या पॅडवर गोल गोल घासल्याच्या खुणा होत्या, म्हणजे जुने आकडे घासून काढले आणि वर नवे ठोकले. फोटोत हे दिसलं नाही कारण पॅडवर केशरी पेंटचा पातळ हात मारून फोटो काढलेला. इंजिन खरं बिगब्लॉक, म्हणजे मोठ्या ब्लॉकचं, आहे, १९७० चंच आहे, फक्त या गाडीचं नाही. (जाता जाता, १९७० च्या ३९६ मध्ये खरं तर ४०२ क्युबिक इंच असतात, बॅज तेवढा ३९६ चा ठेवला कारण नाव चालत होतं. त्यामुळे कुणी "४०२ आहे म्हणजे खोटी" असं म्हणालं तर त्याचं ऐकू नका.)

एकदा शंका आली की बाकीचं भराभर निघत गेलं. टाकीपासून येणारी पेट्रोलची लाइन ५/१६ इंचाची निघाली, बिगब्लॉकला ३/८ ची असते. बनवणाऱ्याने जे डोळ्याला दिसतं ते सगळं बदललं होतं, गोल मीटरचा डॅश, घुमटासारखं वर आलेलं हुड, पुढचे डिस्क ब्रेक, मागे १२ बोल्टचा एक्सल, पण ही मेली लाइन कोण बघतंय म्हणून तशीच ठेवली. टॅगवर रंगाचा कोड ४५, म्हणजे ग्रीन मिस्ट, फिकट हिरवा. रंग बदलला हे डीलरने सांगितलं होतं, त्यात फसवणूक नाही, पण बिल्ड शीटवर मात्र रंग ७५ लिहिलेला, क्रॅनबेरी रेड! म्हणजे शीट बनवणाऱ्याने आत्ताचा रंग बघून शीट भरलं, टॅग वाचायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. आणि हे त्या जाणकार तपासनिसाला दिसलं नाही म्हणे.

पत्र्याचं विचारू नका. पेंटची जाडी मोजायचा मीटर मागच्या क्वार्टर पॅनलवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या पत्र्यावर, लावला तर आकडे कुठच्या कुठे, आपल्याकडे गॅरेजवाले लांबी भरतात म्हणतात ना, ती बोटभर. मागच्या काचेखालून पाणी झिरपून डिकीचा तळ सडणं हा या गाड्यांचा जुना आजार, तो गंज तसाच ठेवून वरून कारखान्यासारखा ठिपक्या-ठिपक्यांचा पेंट मारलेला.

डीलरला फोन केला तर सूरच बदलला. "आम्ही फक्त मालकाने सांगितलं तेच लिहिलं, गाडी ॲज-इज, म्हणजे आहे तशी, विकलीय." मालकाचा नंबर द्या म्हटलं तर प्रायव्हसी. दुसऱ्या दिवशी जाहिरात गायब. नशीब की मी सगळी पानं सेव्ह करून ठेवली होती, आणि वकिलाच्या मते केस त्यावरच उभी आहे, कारण ॲज-इज लिहिल्याने कायद्याने आपोआप मिळणारी वॉरंटी जाते पण "नंबर्स मॅचिंग" असं छातीठोकपणे लिहिलेलं वर्णन ही वेगळी, एक्सप्रेस वॉरंटी होऊ शकते. म्हणूनच हे लोक करारात एक वाक्य घुसवतात की या कागदाबाहेर आम्ही कुठलंही आश्वासन दिलेलं नाही. ते वाक्य दिसलं तर जाहिरातीतलं वर्णन जसंच्या तसं बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला कां-कूं केली की उठून या.

क्लोनला माझा विरोध नाही हां, उघड सांगून विकलेली क्लोन ही मजेत चालवायची गाडी असते. रेस्टोमॉड, म्हणजे जुन्या गाडीत उघडपणे नवे पार्ट्स टाकलेली गाडी, तर त्याहून सरळ, जुन्या शेव्हरोले कॅमारोत नवं एलएस ३ इंजिन टाकलंय हे कुणी लपवतच नाही. तिथे धोका वेगळा, नवीन गाडी बनवून देतो म्हणून मोठा ॲडव्हान्स घ्यायचा आणि तो आधीच्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर खर्च करायचा, वर्षानुवर्षं तुमचा सांगाडा कोपऱ्यात पडून. कामाच्या टप्प्याप्रमाणे पैसे द्या आणि पार्ट्सची बिलं तुमच्या नावाने घ्या.

ओरिजिनल म्हणून शेव्हेल, कॅमारो असं काही घेत असाल तर तपासणारा माणूस शेव्हरोले क्लबमधून स्वतः शोधा, लागलं तर दुसऱ्या राज्यातून पाठवा, काही शे डॉलर जातील. त्याच्याकडून पॅड थिनरने पुसून फोटो घ्या, ब्लॉकच्या ओतीव तारखेचा, काउल टॅगचा, आणि डॅशवरच्या व्हीआयएन पट्टीच्या रिव्हेट्सचासुद्धा, त्या फुलाच्या आकाराच्या असतात, पण नकली बाजारात मिळतात तेव्हा नुसत्या त्यांच्यावर जाऊ नका. ओडोमीटरकडे तर बघूच नका, पाच आकडी असतो, ९९,९९९ नंतर परत शून्य.

सध्या वकिलाचं पत्र गेलंय, त्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार टाकलीय, डीलरने एकदा किरकोळ रक्कम देऊ केली आणि बदल्यात तोंड बंद ठेवायचा कागद पाठवला, तो सही न करता परत पाठवला. त्यांच्याकडे आता आणखी एक शेव्हेल लागलीय, निळी, ४५४, आणि तिच्या बिल्ड शीटचा कोपरा नेमका माझ्या शीटसारखाच फाटलेला आहे.