१००० वाली एसएसडी घेऊ की २००० वाली? आधी पोर्ट बघा राव

मामेभाऊ मिरजेला लग्नाचं शूटिंग करतो, परवा त्याचा फोन, दादा एक टीबीची पोर्टेबल एसएसडी (केबलनं बाहेरून जोडायची, खिशात मावणारी डिस्क) घ्यायचीय, सॅमसंगची टी७ घेऊ की टी९, टी७ च्या खोक्यावर सेकंदाला १०५० एमबी लिहिलंय आणि टी९ वर २०००, म्हणजे डबल स्पीड ना? म्हटलं थांब, लॅपटॉपला पोर्ट कुठलं आहे ते सांग. तर म्हणे "सी टाइप". सगळा घोळ इथंच आहे. सी टाइप म्हणजे नुसता भोकाचा आकार झाला, आतली पाइपलाइन अर्ध्या इंची आहे की दोन इंची ते त्यावरून कळत नाही.

आता हिशोब बघा. पोर्टचा स्पीड जीबीपीएसमध्ये (सेकंदाला किती गिगाबिट) सांगतात, ते बिट असतात, आणि खोक्यावरचा आकडा एमबीचा, म्हणजे बाइट, आठ बिटांचा एक, त्यामुळे आठनं भागायचं आणि वरून थोडा कट जातो तो वेगळाच. ५ जीबीपीएसच्या पोर्टवर हातात पडतात सेकंदाला साधारण ४०० ते ४५० एमबी, १० वर हजाराच्या आसपास, २० वर दोन हजार. आणि जुनं युएसबी २.० असेल तर ४० एमबी, संपलं. नावांचा तर नुसता तमाशा करून ठेवलाय, २००८ साली जे युएसबी ३.० आलं तेच पुढं ३.१ जेन १ (जेन म्हणजे जनरेशन, पिढी) झालं आणि मग ३.२ जेन १, स्पीड तोच ५, त्यामुळे दुकानदार "३.२ आहे साहेब" म्हणाला की लगेच मान डोलवू नका, जेन कितवं ते विचारा.

टी७, क्रूशियल एक्स९ प्रो, सॅनडिस्क एक्स्ट्रीमचं व्ही२ मॉडेल, ही सगळी १० जीबीपीएसवाली. टी९, क्रूशियल एक्स१० प्रो, सॅनडिस्क एक्स्ट्रीम प्रोचं व्ही२ मॉडेल, ही २० वाली, म्हणजे जेन २ बाय २. हे बाय २ म्हणजे दहा-दहाच्या दोन लेन (डेटाच्या वाटा) एकदम चालवायच्या, ते फक्त सी-टू-सी केबलवरच जमतं, चपट्या ए पोर्टला तेवढ्या पिनाच नाहीत. आणि हे पोर्ट लॅपटॉपला क्वचितच असतं, काही डेस्कटॉपच्या मदरबोर्डला मिळतं. गंमत म्हणजे ४० जीबीपीएसचं युएसबी ४ किंवा थंडरबोल्ट ४ असलं तरी २ बाय २ असेलच असं नाही, ते देणं कंपनीच्या मर्जीवर आहे. अॅपलच्या एम१, एम२ चिपवाल्या मॅकला ते नाहीच, तिथं टी९ लावली की ती गुपचूप १० वर येते आणि हजाराच्या आसपास चालते, म्हणजे पैसे टी९ चे दिले आणि चालवली टी७. मी स्वतः हे करून बसलोय (बायकोला अजून सांगितलेलं नाही).

दुसरं म्हणजे केबल. माझ्याकडं एकदा २०० जीबीचा डेटा सव्वा तास झाला तरी सरकतच होता, मी एसएसडीला शिव्या घालतोय, शेवटी बघितलं तर केबल फोनच्या चार्जरची. दिसायला तीच सी-टू-सी, उलट जरा जाडच, पण डेटासाठी आत २.० च्याच तारा. डब्यातली आखूड केबल लावली आणि चार-साडेचार मिनिटांत काम झालं. तेव्हापासून त्या केबलला लाल चिकटपट्टी लावून ठेवलीय, घरात कुणी चार्जिंगला घेतली की मी ओरडतो.

पण खोक्यावरचा आकडा खराच मिळाला तरी शेवटपर्यंत टिकतो असंही नाही. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये क्यूएलसी मेमरी (एका सेलमध्ये चार बिट कोंबणारी, स्वस्त पण लिहायला हळू) असते, क्रूशियलचं साधं एक्स९ त्यातलंच, सुरुवातीला कॅशमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या वेगवान जागेत, भराभर घेते आणि कॅश भरली की गाडी एकदम पहिल्या गिअरवर. चार-पाच जीबीची फाइल टाकणाऱ्याला आयुष्यात कळणार नाही, पण एका दमात ३०० जीबी ओतणाऱ्याला रडवेल. फोटो, पिक्चर, ऑफिसचा बॅकअप एवढंच असेल तर क्यूएलसी बिनधास्त घ्या, शूटिंगवाल्यानं टीएलसी (सेलमध्ये तीनच बिट, त्यामुळे दम जास्त) घ्यावी.

फोनला लावणार असाल तर अजून एक खोच. आयफोन १५ प्रोचं पोर्ट १० जीबीपीएसचं आहे, थेट एसएसडीवर प्रोरेस (अॅपलचा भारी दर्जाचा, मोठ्या फाइलींचा व्हिडिओ फॉरमॅट) रेकॉर्डिंग होतं, पण साध्या १५ ला तेच सी टाइप भोक आणि आत २.०. तिथं कुठलीही एसएसडी लावा, स्पीड पेनड्राइव्हचाच.

बाकी टी७ ५८ ग्रॅमची, वॉरंटी ३ वर्षं, टी९ १२२ ग्रॅमची आणि ५ वर्षं. एक्स९ प्रो ३८ ग्रॅमची असून ५ वर्षं देते, १० जीबीपीएसमध्ये मला तरी तीच जास्त पटते. धूळ-पाण्यातलं काम असेल तर टी७ शील्ड बघा, रबराचं कव्हर आणि आयपी६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा झेलण्याचं रेटिंग) आहे.

हां, एसएसडी लावली की वायरलेस माउस अडखळायला लागला तर माउस बिघडला म्हणून फेकू नका, युएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, इंटेलनं २०१२ सालीच त्यावर पेपर काढला होता. माउसचा डोंगल (युएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

तर भाऊच्या लॅपटॉपचा फोटो मागवला, सी पोर्टच्या शेजारी बारीक अक्षरात एसएस १० लिहिलेलं, म्हणजे १० जीबीपीएस, म्हणजे टी९ चा विषयच संपला. मग विचारलं फुटेज येतं कुठून, तर कॅमेऱ्याच्या साध्या युएचएस-१ कार्डवरून, रीडर जत्रेतल्या खेळण्यासारखा. ते कार्डच सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देणार, मग पुढं हजार असो की दोन हजार, एसएसडी बसून वाटच बघणार. त्याला म्हटलं एक्स९ प्रो घे, आणि उरलेल्या पैशात दोन कार्ड एकदम वाचणारा बरा रीडर घे. तर म्हणतो, "दादा, पण टी९ दिसायला भारी आहे ना."