गावच्या मंडळासाठी खेळाचा तयार संच : काय घ्यावं, काय दुकानातच ठेवून यावं

सोलापुरात खेळसाहित्याच्या दुकानात जाऊन ‘मंडळासाठी काहीतरी द्या’ म्हटलं की साधारण ठरलेलं सामान समोर येतं. एक व्हॉलीबॉल, नायलॉनची जाळी, हातपंप, सोंगट्यांसकट कॅरम बोर्ड, उड्या मारायच्या दोन दोऱ्या आणि एक शिट्टी. दुकानागणिक एखादी वस्तू इकडची तिकडे. ग्रामपंचायतीनं थोडे पैसे दिले, गणपतीची वर्गणी उरली किंवा पुण्याला कामाला असलेल्या पोरांनी हातभार लावला, की नवं मंडळ हाच संच उचलतं. एका फेरीत, एका पावतीत काम होतं.

संच वाईट नाही. पण तो सिमेंटच्या मैदानावर किंवा हॉलमध्ये खेळणाऱ्यांच्या हिशेबानं बांधलेला असतो. मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूरच्या काळ्या रानात, मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो तिथं, यातल्या निम्म्या वस्तू पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकतात. पगारी माणूस नसलेलं मंडळ भांडणानं जितकं मोडतं, त्याहून जास्त फाटक्या जाळीनं मोडतं. जाळी फाटली की चार दिवस कुणी फिरकत नाही, आणि पाचव्या दिवशी पेटीची चावी कुणाकडे आहे हेच ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावावी : बिघडली तर गावातल्या पोरांना ती गावातच नीट करता येईल का?

सगळ्यात कच्ची वस्तू म्हणजे जाळी. नियमात जाळी १ मीटर रुंद, साडेनऊ ते दहा मीटर लांब आणि १० सेंटिमीटर चौकोनी घरांची असते. वरची पट्टी ७ सेंटिमीटरची, खालची ५ सेंटिमीटरची. संचातली जाळी मापाला बहुधा बरोबर भरते. गोम आहे ती वरच्या पट्टीत : कापड एकेरी आणि आत प्लास्टिकची दोरी. ती दोरी ताणली की लांबत जाते. संध्याकाळी दोन्ही खांबांशी २.४३ मीटर मोजून बांधलेली जाळी अर्ध्या तासात मधोमध वीतभर खाली येते, आणि मग ‘चेंडू जाळीवरून गेला की जाळीला लागून’ यावर वाद सुरू होतात. नियम सांगतो की उंची जाळीच्या मध्यावर मोजायची, दोन्ही कडांची उंची सारखी हवी आणि ती ठरलेल्या उंचीपेक्षा २ सेंटिमीटरहून जास्त नको. प्लास्टिकच्या दोरीवर हे कधीच साधत नाही.

उपाय हार्डवेअरच्या दुकानात आहे. ४ मिलिमीटरची पीळदार लोखंडी तार घ्या, प्लास्टिकचं आवरण असलेली, म्हणजे हाताला चिरत नाही. जुनी दोरी काढण्याआधी तिच्या टोकाला तार चिकटपट्टीनं बांधा आणि दोरी ओढा. तार आपोआप पट्टीतून पलीकडे निघते. दोन्ही टोकांना फास करून प्रत्येक फासाला दोन क्लॅम्प लावा, एका क्लॅम्पवर तार सरकते. एका खांबाला साधा हूक, दुसऱ्याला टर्नबकल, म्हणजे फिरवून तार ताणायचा किंवा सैल करायचा पेच. रोज खेळ संपला की टर्नबकल सैल करायचा आणि जाळी गुंडाळून आत ठेवायची. उन्हात टांगलेलं नायलॉन ठिसूळ होतं. गाठीपाशी नखानं खरवडून पाहा, पांढुरका भुसा निघाला तर ती जाळी फार दिवसांची नाही. एखादंच घर तुटलं असेल तर त्याच दिवशी तेवढ्याच जाडीच्या नायलॉन धाग्यानं ते बांधून घ्या, कारण एक घर सुटलं की शेजारच्या घरांवर ताण येतो. करमाळा-माढ्याकडे, उजनीच्या काठच्या गावांत मासेमारीच्या जाळ्या दुरुस्त करणारे हात आहेतच. तिथल्या मंडळांनी हे शिकायला दूर जायची गरज नाही.

खांब संचात नसतात. दुकानदार चाकाचे किंवा पसरट बुडाचे फिरते खांब सुचवतो, ते घेऊ नका. टर्नबकलचा ताण आला की ते आत झुकतात, आणि वळवाच्या वाऱ्यात आडवे होतात. तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून अडीच इंची लोखंडी पाइपचे खांब करून घ्या. जमिनीवर २.५५ मीटर आणि जमिनीत ७५ सेंटिमीटर, म्हणजे एक खांब अकरा फुटांचा. पाइप वीस फुटांचा येतो. पैसे वाचवायला त्याचे दोन सारखे तुकडे केले की जमिनीत जेमतेम दीड फूट जातो आणि खांब कायमचा डुगडुगत राहतो. दोन पाइप घ्या. उरलेले नऊ-नऊ फुटांचे तुकडे फळा टांगायला, बाक करायला लागतातच.

खांब थेट सिमेंटमध्ये पुरू नका. तीन इंची पाइपचा ७५ सेंटिमीटर तुकडा जमिनीत बसवा आणि खांब त्यात उभा करा. अडीच इंची पाइप तीन इंचीत थोडी फट ठेवून बसतो आणि हवा तेव्हा उपसता येतो. गावची मोकळी जागा फक्त मंडळाची नसते. लग्नाचा मांडव पडतो, जत्रा भरते, आणि माळशिरस-पंढरपूरच्या पालखीमार्गावर आषाढीच्या आधी तिथं वारकऱ्यांचे तंबू लागतात. खांब निघत नसतील तर मंडळाला जागा द्यायला ग्रामसभा पुढच्या वेळी कां कू करते. खांब काढल्यावर भोकावर पत्र्याचं झाकण हवंच, नाहीतर लहान पोराचा पाय आत जातो.

खड्डा दोन फूट चौरस, तीन फूट खोल. हे माप मुरूम लागला तरच पुरतं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया नुसत्या काळ्या मातीत असला तर दिवाळीपर्यंत दोन्ही खांब एकमेकांकडे झुकलेले दिसतात. मुरूम लागेपर्यंत खणा. वर ७५ सेंटिमीटर उरतील इतका खड्ड्याचा तळ खडीनं भरा, तीन फुटांच्या खड्ड्यात १५ सेंटिमीटर, आणि पाइपचं उघडं तोंड त्या खडीवर टेकवा. म्हणजे आत गेलेलं पाणी मुरतं, साचून गंज धरत नाही. वर एक पाटी सिमेंट, दोन वाळू, चार खडी असं काँक्रीट. सात दिवस पाणी मारा, पंधरा दिवस तार ताणू नका. आणि जाळी आधी आणून मोजा, मगच खड्डे आखा. नियमानं खांब बाजूच्या रेषेपासून अर्धा ते एक मीटर बाहेर चालतो, म्हणजे दोन खांबांत १० ते ११ मीटर. तेवढ्यात आपल्या जाळीला आणि टर्नबकलला जागा पुरेल ते अंतर धरा.

खांबावर हूक तीन ठिकाणी लावून घ्या : पुरुषांसाठी २.४३, महिलांसाठी २.२४ आणि लहान मुलांसाठी २ मीटरच्या आसपास. वेल्डिंगवाल्याचं हे दहा मिनिटांचं काम आहे. जाळी खाली घेता येत नाही तिथं मुली दोन दिवस येतात आणि तिसऱ्या दिवसापासून कडेला बसून बघतात. याचा विचार कुठलाही संच करत नाही.

चेंडूबद्दल. नियमाचा चेंडू ६५ ते ६७ सेंटिमीटर घेराचा, २६० ते २८० ग्रॅम वजनाचा असतो. संचात बहुधा शिवलेला स्वस्त चेंडू येतो. सिमेंटवर तो ठीक. आपल्याकडे सराटे आहेत. सराट्याचा काटा शिवणीतून सरळ आतल्या ब्लॅडरला भिडतो, आणि शिवलेला चेंडू गावात कुणी उसवून परत शिवत नाही. रोजच्या खेळाला साच्यातला रबरी चेंडू घ्या. हाताला जरा कडक लागतो, नवशिक्यांच्या हाताचा मनगटावरचा भाग लाल होतो, पण तो काटा आणि मुरूम दोन्ही सोसतो. सामन्यांसाठी एक मऊ चेंडू वेगळा, पिशवीत. निविया, कॉस्को अशा माहितीतल्या कंपन्यांचे घेतले की पुढच्या वेळी तसाच चेंडू परत मिळतो. सराट्यांचा बंदोबस्त मैदानावरच करायचा : पावसाळ्यात, काटे कडक व्हायच्या आत, वेल मुळासकट उपटायची. गळून पडलेले काटे वेचत बसू नका. ओलं गोणपाट मैदानावरून ओढत न्या, काटे त्यात रुतून येतात.

हातपंप चालतो, पण दाब दाखवणारं मापक त्याला नसतं. ते वेगळं घ्या. दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा. सकाळच्या गारव्यात बरोबर भरलेला चेंडू दुपारी पत्र्याच्या खोलीत राहिला तर आतला दाब पाचव्या हिश्शानं सहज वाढतो आणि शिवण ताणते. उन्हाळ्यात म्हणून खेळाच्या आधी मोजायचं, भरून ठेवायचं नाही. सुई कोरडी खुपसू नका, ओली करा. तेल लावू नका, रबर बिघडतं. सुया चार-पाच जादा घ्या, सगळ्यात आधी त्याच हरवतात.

कॅरम बोर्ड संचातला घेऊच नका. त्याची प्लाय पातळ असते आणि पावसाळ्यात समाजमंदिराच्या ओलीत मध्यभागी फुगते. मग सोंगट्या आपोआप कडेला सरकतात. निदान ८ मिलिमीटर प्लायचा, आतून ७४ सेंटिमीटरचा बोर्ड वेगळा निवडा. दुकानात लोखंडी पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवी धरा. खालून उजेड दिसला तर दुसरा मागा. स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड नको. बोर्ड उभा ठेवायचा तर भिंतीपासून सुटा, ओल्या भिंतीला टेकवून नाही.

दोऱ्या आणि शिट्टी ठीक आहेत.

संचात नसलेल्या आणि पहिल्या दिवसापासून लागणाऱ्या वस्तू : ३० मीटरचा टेप, सुतळी, आखायला फक्की, आणि चिकटपट्टी, कापूस, बँडेज, जंतुनाशक असलेला डबा. मैदान आखताना ९ बाय ९ मीटरच्या अर्ध्या भागाचा कर्ण १२.७३ मीटर भरला पाहिजे. तो भरला नाही तर कोपरे काटकोनात नाहीत, आणि नंतरच्या सगळ्या रेषा तिरक्या जातात. भाजलेला चुना वापरू नका, घामानं डोळ्यांत उतरला तर इजा करतो.

पेटी पत्र्याची घ्या आणि चाव्या दोन ठेवा. एक गावात कायम राहणाऱ्याकडे द्या. बारावीनंतर पुण्याला जाणार हे ठरलेल्या पोराकडे एकुलती चावी नसावी. वहीत चार रकाने पुरतात : तारीख, वस्तू, कोणी नेली, परत आली तेव्हा कशी होती. ऊसतोडीच्या आणि परीक्षांच्या दिवसांत खेळणारे कमी होतात. त्याच दिवसांत तार, हूक, जाळी तपासून घ्यायची.

पावती मंडळाच्या नावानं, जीएसटीसह आणि प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलेली घ्या. ‘खेळ संच – १’ एवढंच लिहिलेल्या पावतीवर एकटा बोर्ड बदलून मिळत नाही, आणि ग्रामपंचायतीनं पैसे दिले असतील तर हिशेब तपासणीत तीच अडते. जाळी दुकानातच उलगडून टेपनं मोजा. चेंडू आल्या आल्या मापकावर भरून काउंटरवर ठेवा, तोवर हार्डवेअरची तार, क्लॅम्प, टर्नबकल घेऊन या. परत आल्यावर पुन्हा मोजा आणि दाब उतरला असेल तर तिथंच बदलून घ्या.